चमच्याला चिकटून राहतं ते

पाककृतीत ‘अर्धा कप मध’ असं लिहिलेलं असतं आणि ओट्यावर वजनकाटा मांडलेला असतो. या दोघांची गाठ घालून देणं हे वरवर पाहता शाळकरी विज्ञानाचं काम. आकारमानाला घनतेने गुणलं की वजन मिळतं. मधाची घनता १.४२ च्या आसपास (म्हणजे एका मिलीलिटरचं वजन १.४२ ग्रॅम), गुणाकार करा, आकडा घ्या, विषय संपला. पिठाचं एवढं सरळ नसतं. ते चाळलं की फुलतं, दाबलं की बसतं, त्यामुळे पीठ वजनानेच घ्यावं हे आता बहुतेकांना पटलेलं आहे. पातळ पदार्थ मात्र कपाने मोजले तरी चालतात, असं सर्रास सांगतात. मला हे दुधापाण्यापुरतंच मान्य आहे. मध, साखरेचा पाक, ग्लुकोज सिरप, मोलॅसिस (उसाची काळी मळी) ही मंडळी नावाला पातळ. कपाने मोजायला अख्ख्या स्वयंपाकघरात सगळ्यात नालायक वस्तू कोणती, असं कुणी विचारलं तर मी पिठाच्याही आधी यांचं नाव घेईन.

पहिली अडचण घनतेची नाहीच, कपाची आहे. मधाचा एक कप म्हणजे किती ग्रॅम हे शोधायला गेलं की कुठे ३३६ सापडतात, कुठे ३४०, कुठे ३५५. यातलं कुणीही खोटं बोलत नाही. अमेरिकेत रूढ असलेला कप २३६.६ मिलीलिटरचा. तिथल्याच खाद्यपदार्थांच्या लेबलांसाठी तो २४० चा धरतात. ऑस्ट्रेलियात आणि मेट्रिक मापं वापरणाऱ्या आणखी काही ठिकाणी कप २५० मिलीलिटरचा, आणि जपानी पाककृतीतला कप २०० चा. सगळ्यांना १.४२ ने गुणा, तफावतीचा उलगडा तिथेच होतो: ३३६, ३४१, ३५५, आणि जपानी कपात २८४. मोठ्या चमच्याचंही तेच. जवळजवळ सगळीकडे तो १५ मिलीलिटरचा, म्हणजे मधाचे साधारण २१ ग्रॅम. ऑस्ट्रेलियन चमचा २० चा, म्हणजे २८ ग्रॅम. तेव्हा पाककृती कुठली आहे हे आधी बघावं, घनता मग.

औंसाची भानगड याहून वाईट. औंस वजनाचाही असतो आणि द्रवाचाही. वजनाचा औंस २८.३५ ग्रॅमचा. द्रवाचा अमेरिकन औंस २९.५७ मिलीलिटरचा, ब्रिटिश २८.४१ चा. पाण्याच्या बाबतीत हे आकडे इतके जवळजवळ आहेत की गल्लत झाली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. ‘८ औंस मध’ म्हटलं की मात्र पंचाईत. वजनाचे आठ औंस म्हणजे २२७ ग्रॅम. द्रवाचे आठ अमेरिकन औंस भरले तर त्यांचं वजन ३३६ ग्रॅम. जवळजवळ दीडपट! एवढ्या फरकाने केक नुसता गोड होत नाही, मधोमध बसतो, कडेने करपतो आणि आत चिकट राहतो.

हा सगळा गोंधळ मुळात पाण्याने लावलेल्या सवयीचा आहे. १७९५ साली फ्रान्समध्ये ग्रॅम ठरवला तो पाण्याच्याच मापाने: एक घन सेंटीमीटर पाण्याचं वजन म्हणजे एक ग्रॅम. त्यामुळे पाण्याचा मिलीलिटर आणि पाण्याचा ग्रॅम हे जन्मापासूनच जुळे. ते डोक्यात इतकं पक्कं बसतं की १०० मिली म्हणजे १०० ग्रॅम असं हात आपोआप धरून चालतो. घरगुती वजनकाट्यांनी त्यात भरच घातली आहे. पुष्कळ काट्यांवर ‘मिली’ असं एक बटण असतं. ते दाबलं की पडद्यावर मिलीलिटर दिसायला लागतात आणि माणसाला वाटतं, काटा आता आकारमान मोजतोय. काट्याला आकारमान कसं कळणार? त्याच्यावर दाब पडतो, तेवढंच त्याला कळतं. तो ग्रॅमच मोजतो आणि समोरचा पदार्थ पाणी आहे असं गृहीत धरून आकड्यापुढचं एकक तेवढं बदलतो. काही काट्यांवर दुधासाठी वेगळी खूण असते, कारण दुधाची घनता १.०३. मधासाठी खूण असलेला काटा मला अजून भेटलेला नाही. ‘मिली’च्या बटणावर १०० दिसेपर्यंत मध ओतला तर प्रत्यक्षात ७० मिलीलिटरच पडलेला असतो. हे बटण काढून टाकलं तर कुणाचंही काही बिघडणार नाही, उलट झाला तर फायदाच.

आता चमच्याकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

मोजायचा मोठा चमचा मधाच्या बरणीत बुडवून बाहेर काढा आणि डोळ्यांच्या पातळीला धरा. पाणी असतं तर ते काठाशी सपाट झालं असतं. मध काठाच्या वर फुगीर उभा राहतो. चमच्याच्या पोटाखालून एक जाड धार सुटते, तिची बारीक तार होते, तार तुटते, पण पाठीवरचा थर तसाच. आता हा चमचा ‘एक’ आहे का? आतला तेवढा धरायचा, की फुगवटा सुरीने कापायचा, की पाठीवरचंही जमेला धरायचं? १८९६ साली बॉस्टनच्या पाकशाळेतल्या फॅनी फार्मर यांनी आपल्या पाकपुस्तकातून मापं सपाट करून मोजायची शिस्त लावली, आणि पीठ-साखरेच्या बाबतीत तिचा उपकार मोठा आहे. पण मधावरून सुरी फिरवून बघा. सुरीच्या पात्याला लागून जेवढा जातो तेवढा परत सुरीवरून खरवडायचा, म्हणजे काम वाढलं आणि माप पुन्हा अंदाजाचंच.

मग चमचा पातेल्यात उपडा करा. बराचसा मध खाली येतो, थोडा आतल्या बाजूला पसरून बसतो. तो उतरायची वाट किती वेळ बघायची हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर आहे. मी रिकामा झालेला (म्हणजे आपण ज्याला रिकामा म्हणतो तो) चमचा काट्यावर ठेवून बघते, तेव्हा एक-दोन ग्रॅम त्याच्याकडेच राहिलेले असतात. एकवीस ग्रॅमांतले दोन म्हणजे जवळपास दहा टक्के. पाणी मोजताना असा दहावा हिस्सा कधी मागे राहत नाही. चमच्याला आधी तेलाचा हात लावावा, किंवा चमचा गरम पाण्यात बुडवून घ्यावा, हे उपाय यासाठीच, आणि ते बऱ्यापैकी चालतात. बरणी कोमट पाण्यात ठेवली तर मध पातळ होतो आणि पटकन उतरतो. घनता त्यामुळे फारशी हलत नाही, वीसएक अंशांनी तापला तरी जेमतेम एक टक्का. सैल होतो तो चिकटपणा. दाट असणं आणि जड असणं यांची आपण नेहमी गल्लत करतो. तेल पाण्याहून दाट वाटतं आणि तरी पाण्यावर तरंगतं. मध दाटही आहे आणि जडही, म्हणून दोन्हींत एकच कारण असल्यासारखं भासतं, इतकंच.

इथे रूपांतराचा एक पेच आहे आणि तो तक्त्यांत कुठेच लिहिलेला नसतो. पाककृती लिहिणाऱ्याने ‘तीन मोठे चमचे’ असं लिहिलं तेव्हा त्याच्या पातेल्यात किती पडलं? चमच्यात मावलं ते ६३ ग्रॅम. उतरलं ते कदाचित ५८. मी तक्ता बघून अचूक ६३ घेतले तर मी त्याच्यापेक्षा जास्त घेतलेले असतात. म्हणजे माझं माप नेमकं आणि पदार्थ त्याच्यासारखा नाही. म्हणून चमच्यांच्या मापाची पाककृती ग्रॅममध्ये आणताना मी तक्त्याचा आकडा थोडा खाली ओढते. तीन चमचे मध असेल तर ६० धरते. याला शास्त्र म्हणता येणार नाही. पण ६३.९ असं दशांश चिन्हापर्यंत लिहिणाऱ्यापेक्षा मी मूळ पदार्थाच्या जास्त जवळ असते असं मला ठामपणे वाटतं.

वजनाने घ्यायचं म्हटलं तरी सिरप दोन तऱ्हांनी घेता येतं आणि दुसरी तऱ्हा पुष्कळांना ठाऊक नसते. पहिली सरळ: पातेलं काट्यावर, शून्य करा, ओता. यात एक बारीकशी खोच आहे. बऱ्याच काट्यांमध्ये शून्याच्या आसपासचा हलकासा बदल आपोआप पुसून टाकायची सोय असते, हवेने किंवा तापमानाने आकडा हलू नये म्हणून. शून्य केल्या केल्या मधाची अगदी बारीक धार सोडली तर काट्याला ती धारही तसलीच हलचल वाटते. मध पडत राहतो आणि पडदा शून्यच दाखवतो. म्हणून सुरुवात जरा सढळ हाताने करावी, धार बारीक करायची ती शेवटी. दुसरी तऱ्हा उलटी: बरणीच काट्यावर ठेवायची, चमच्यासकट, आणि शून्य करायची. मग चमचा भरून पातेल्यात सोडायचा आणि तो तसाच, निथळत, बरणीत परत ठेवायचा. काटा उणे आकडा दाखवतो: उणे ४७, उणे ८५, असं. जे बरणीतून गेलं आणि परत आलं नाही ते नक्की पातेल्यातच आहे. चमच्याला काय चिकटलं, पाठीवर किती राहिलं, फुगवटा कापायचा की नाही, एकाही प्रश्नाचं उत्तर द्यावं लागत नाही. मध बरणीत साखरेसारखा गोठून बसला असला तरी अडत नाही. गोठलेला मध कपात भरायचा म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यात हवा कोंडणार. त्याचं वजन मात्र पातळ असताना होतं तेवढंच असतं.

तर घनता. सगळ्या सिरपांना मिळून एक आकडा नाही, पण पाठ करायला दोन पुरतात. जे बरणी उलटी केल्यावर आळोखेपिळोखे देत येतात, मध, ग्लुकोज सिरप, कॉर्न सिरप, मोलॅसिस, गोल्डन सिरप, ते सगळे १.४ च्या घरात. मध आणि मोलॅसिस किंचित वर. जे बाटलीतून सहज ओतले जातात, जसं मेपल सिरप (मेपल झाडाचा आटवलेला रस) किंवा दोनास एक प्रमाणाचा (दोन भाग साखर, एक भाग पाणी) साखरेचा पाक, ते १.३२-१.३३ च्या घरात. त्याहून पातळ, समसमान साखर-पाण्याचा पाक १.२३. बाटली समोर असेल तर तर्काची गरजच नाही, लेबल वाचावं. ‘१ मोठा चमचा (२१ ग्रॅम)’ असं छापलेलं असतं तिथे २१ ला १५ ने भागा, घनता मिळाली. काही बाटल्यांवर मिलीलिटर आणि ग्रॅम दोन्ही असतात. तेही नसेल तर रिकामी वाटी काट्यावर ठेवून शून्य करा, वाटी काठोकाठ पाण्याने भरून वजन घ्या, पुसून तीच वाटी सिरपने भरून घ्या. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की झालं. वाटी कितीची आहे हे कळायचीही गरज नाही.

विकतचं सिरप सोडून घरी केलेल्या पाकाकडे आलं की कप अगदीच उघडा पडतो. एक कप साखर, एक कप पाणी, विरघळेपर्यंत ढवळा. झालेला पाक कपाने मोजा. दोन कप व्हायला हवा, होतो दीड. उकळू दिला नाही, वाफ गेली नाही, तरी दीडच. अर्धा कप कुठे गेला? तो मुळात नव्हताच. एक कप दाणेदार साखरेचं वजन २०० ग्रॅमच्या आसपास, आणि साखरेच्या स्फटिकाची स्वतःची घनता १.५९, म्हणजे कपातली नुसती साखर १२६ मिलीलिटर. उरलेला जवळजवळ अर्धा कप दाण्यांमधली हवा. ती आपण साखर म्हणून मोजली होती. पाण्यात दाणे विरघळले, हवा निघून गेली आणि हिशेब खरा झाला. वजनात असली पडझड होत नाही: २०० अधिक २३७, बरोबर ४३७ ग्रॅम.

त्यामुळे ‘समसमान पाक’ म्हटलं की मी लगेच विचारते, कपाने की वजनाने? कपाने समसमान घेतला तर त्यात साखर ४६ टक्के. वजनाने घेतला तर ५० टक्के. दोनास एक असेल तर कपाने ६३ टक्के, वजनाने ६६.७. हा शेवटचा आकडा नुसता गोडीचा नाही, सीमेवरचा आहे. २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात साधारण २०० ग्रॅमच साखर विरघळते, म्हणजे वजनाने दोनास एक पाक काठोकाठ भरलेला असतो. तो फ्रिजमध्ये ठेवला की तळाशी खडे धरू शकतो. कपाने केलेला त्याचा भाऊ बहुधा धरत नाही. कृती एकच, प्रमाण एकच, आणि एकाच्या बाटलीत साखर बसते, दुसऱ्याच्या नाही.

औषधं करणाऱ्यांना हा घोळ परवडणारा नव्हता. त्यांच्या संहितांमध्ये साध्या साखरेच्या सिरपची कृती असते आणि ती बघण्यासारखी आहे. ब्रिटिश संहिता म्हणते: ६६७ ग्रॅम साखर, आणि पाणी घालून सगळं मिळून १००० ग्रॅम. अमेरिकन संहिता म्हणते: ८५० ग्रॅम साखर, आणि पाणी घालून सगळं मिळून १००० मिलीलिटर. पहिलं ६६.७ टक्के, दुसरं ८५ टक्के. वाचणाऱ्याला वाटावं, अमेरिकन सिरप केवढं घट्ट! पण त्या एक लिटरचं वजन १३१३ ग्रॅम भरतं. १३१३ मध्ये ८५० म्हणजे ६४.७ टक्के. म्हणजे ८५ वालं सिरप ६६.७ वाल्याहून किंचित पातळच आहे. दोन्ही आकडे बरोबर, भागायला खाली काय घेतलं एवढाच फरक. मला हे उदाहरण फार आवडतं. आकारमान आणि वजन यांचं भांडण यापेक्षा थोडक्यात मांडलेलं मी पाहिलेलं नाही.

इथवर येईपर्यंत मी वजनाची बाजू घेत आले, आता तिचीही एक मर्यादा सांगायला हवी. मधाऐवजी मेपल सिरप घालायचं असं समजा. कपाला कप बदलला तर ३३६ ग्रॅम मधाच्या जागी ३१३ ग्रॅम सिरप जातं. काटेवाले म्हणतील, हे चूक, ग्रॅमला ग्रॅम बदला. पण मधात पाणी १७-१८ टक्के असतं आणि मेपल सिरपमध्ये ३४ टक्क्यांपर्यंत. कपभर मधात साखर २७७ ग्रॅम आणि पाणी ५९. कपभर मेपल सिरपमध्ये साखर २०७ आणि पाणी १०६. वजन सारखं करून ३३६ ग्रॅम सिरप घेतलं तरी साखर २२२ च होते आणि पाणी ११४ वर जातं. म्हणजे ग्रॅमला ग्रॅम बदलून साखरेची तूट थोडी भरली, पण पाणी आणखी वाढवून ठेवलं. पिठाला भाजताना फरक पडतो तो या दोन आकड्यांनी. काट्याला सिरपचं पोट दिसत नाही. तिथे हिशेब माणसानेच करायचा: साखर किती हवी ते ठरवा, त्यावरून सिरप ठरवा, आणि सिरपसोबत जे जास्तीचं पाणी आलं ते पाककृतीतल्या दूध-पाण्यातून वजा करा. तीन ओळींची वजाबाकी आहे. कपाच्या मापात ही वजाबाकी करताच येत नाही, ग्रॅममध्ये येते, हा वजनाच्या बाजूने माझा सगळ्यात मोठा मुद्दा.

पोटात काय आहे हे बाहेरून ओळखायची धडपड जुनी आहे. १७६८ साली आंत्वान बोमे या फ्रेंच औषधनिर्मात्याने काचेच्या तरंगत्या नळीवर अंश आखले. नळी जितकी वर तरंगेल तितका द्रव जड. त्याच्या पट्टीवर शुद्ध पाणी शून्य, आणि १५ अंश म्हणजे १५ टक्के मिठाचं पाणी. मिठावर आखलेली ही पट्टी पुढे मिठाईवाल्यांनी आणि साखर कारखान्यांनी उचलली. ग्लुकोज सिरपच्या व्यापारात ‘४३ बोमे’ अशी भाषा अजून चालते. तिचं रूपांतर सोपं आहे: १४५ मधून अंश वजा करा आणि १४५ ला त्या उत्तराने भागा. तीस बोमे म्हणजे १४५ भागिले ११५, म्हणजे १.२६. पण साखरवाल्याला मिठाच्या अंशांशी काय करायचंय? त्याला साखर किती हे हवं. प्रागच्या कार्ल बालिंगने १८४३ साली आणि त्यानंतर जर्मनीत अडॉल्फ ब्रिक्सने साखरेच्याच द्रावणांवर पट्टी बेतली. एक ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात एक ग्रॅम साखर. तरंगणारी नळी घनता मोजते आणि पट्टी वजनाचे टक्के सांगते, मधली सगळी गणितं कुणीतरी आधीच करून काचेत बंद करून ठेवलेली.

नळी नसेल तर अंडं. सॉर्बे (फळांच्या रसाचा गोठवलेला गोड पदार्थ) करणाऱ्यांची ही जुनी युक्ती: ताजं अंडं स्वच्छ धुवून सालीसकट पाकात सोडायचं. साध्या पाण्यात ते तळाला जातं. साखर वाढत गेली की उचलायला लागतं आणि नाण्याएवढा तुकडा पृष्ठभागावर उघडा दिसला की पाक २५ ते ३० ब्रिक्सच्या मध्ये कुठेतरी आहे, सॉर्बेला बेताचा. अंडं शिळं असेल तर आतली हवेची पोकळी मोठी होते, ते हलकं होतं आणि पाक आहे त्याहून गोड असल्याची खोटी साक्ष देतं.

उकळत्या पाकाला मात्र ना नळी सोयीची ना अंडं. तिथे लोक थर्मामीटर घेतात किंवा बोटांत धरून तार बघतात. मी काटा घेते, आणि याचं पुष्कळांना आश्चर्य वाटतं. पातेलं आधी रिकामं तोलून आकडा लिहून ठेवायचा. त्यात २०० ग्रॅम साखर आणि हवं तेवढं पाणी. पाणी किती घातलं याला काहीच महत्त्व नाही, कारण ते उडून जाणार आहे. साखर उडत नाही. ८० टक्क्यांचा पाक हवा असेल तर आतला ऐवज २५० ग्रॅमवर यायला हवा, की झालं. अधूनमधून पातेलं उचलून जाड फडक्याची घडी टाकलेल्या काट्यावर ठेवायचं, घडीचं वजन आधीच शून्य करून. समुद्रसपाटीला असा पाक ११० अंशांच्या आसपास उकळतो आणि तार धरतो. उंचावर राहणाऱ्याचा थर्मामीटर वेगळं सांगेल, दर तीनशे मीटरला साधारण एक अंश कमी. २५० ग्रॅम कुठल्याही उंचीवर २५० ग्रॅमच राहतात. कपाने हे करायला जाल तर उकळता पाक काचेच्या मापात ओतावा लागेल, आणि तापलेला पाक फुगलेला असतो म्हणून तीन-चार टक्क्यांची आणखी एक चूक वर.

वहीत उतरवायची माझी पद्धत साधी आहे. पाककृती अमेरिकन असेल तर कप २४० चा धरते, घट्ट सिरपला १.४ ने गुणते, पातळाला १.३ ने, आणि उत्तर जवळच्या पाचाला नेऊन सोडते. अर्धा कप मध: १७० ग्रॅम. पाव कप मेपल सिरप: ८० ग्रॅम. शेजारी मूळ माप कंसात लिहिते, कारण पुढच्या वेळी पदार्थ बिनसला तर संशय कुणावर घ्यायचा हे कळायला हवं. पाककृती कुठली हे कळत नसेल तर त्यातल्या साखरेकडे बघते. लिहिणाऱ्याने कुठेतरी एका तरी जिनसाचे कप आणि ग्रॅम दोन्ही दिलेले असतात, त्यावरून त्याचा कप ओळखू येतो.

लहान चमच्याच्या खाली मात्र मी रूपांतराच्या भानगडीत पडत नाही. एक ग्रॅमच्या टप्प्याने मोजणाऱ्या काट्याला अर्धा चमचा मध म्हणजे कधी ३, कधी ४; त्याच्या दृष्टीने दोन्ही खरेच. तिथे चमचा घ्यावा, दुसऱ्या चमच्याने खरवडावा आणि पुढे जावं.